अंगठ्याची झीज

परवान्यावर दोनच बसतात.
माझा सगळा संग्रह एवढाच, दोन.
बाकीची चोवीस एका वहीत आहेत,
बघितलेली, हातात घेतलेली, परत ठेवलेली:
नंबर, नळीची लांबी, मुठीचं लाकूड, मालकाचं गाव.
नंदगडचं एक, संकेश्वरची दोन,
गोकाकच्या त्या मॅनेजरचं, ज्याच्या चक्रीत
कोळ्यानं घर केलं होतं.
बायको म्हणते, ही वही आहे का स्थळांची यादी?

शनिवारी कॅम्पातून किल्लेदारांचा फोन.
"एक आलंय. तुझ्या जातीचं.
दर वेळी घोडा हातानं चढवायचा."

दुकानात बाई बसल्या होत्या,
राजमती मगदूम, निपाणीकडच्या.
मांडीवर पिशवी, पिशवीत परवान्याचं पुस्तक,
आधीची पानं इंग्रजीत, पुढचे शिक्के सगळे कन्नडात.
"अण्णा तंबाखूचे व्यापारी. हंगामात रोकड घेऊन फिरायचे.
ते गेले तसं हे इथं जमा.
सहा वर्षं भाडं भरूलालोय."
मग, घड्याळ बघून,
"सूर्य बुडायच्या आत जेवायचं असतंय मला.
काय ते लवकर बघा की."

मी बघितलं. सवयीनं, हळूच.
सहाही घरं रिकामी, एकेक मोजून.
चक्री काढून फडक्यावर ठेवली,
नळीच्या मागं अंगठा धरला, खिडकीकडं वळलो.
नखावरचा उजेड नळीत चढला:
आटे धारदार, एक डाग नाही,
आतून धूर कधी गेलाच नसावा.
स्क्रूच्या खाचा कोऱ्या.
निळा रंग मुठीपाशी तेवढा
सुकल्या तंबाखूच्या पानावर गेलेला.
नंबर तिन्ही जागी एकच.
आमच्या भागात ही नवलाची गोष्ट;
सांगाडा एका गावचा, चक्री दुसऱ्या,
आणि कागद तिसऱ्याच राज्यातला, असंच बहुधा हाती येतं.

मग बोट घोड्यावर गेलं आणि थांबलं.
शेंड्यावरची बारीक नक्षी पार गेलेली.
बसदीच्या पायरीसारखा मधे खोलगट.
न उडालेल्या हत्याराचा घोडा एवढा झिजतो कसा?
किल्लेदारांनी भिंग काढलं, बघितलं, ठेवून दिलं.
पंधरा हजार कापायला एवढं पुरे होतं.

चक्री बसवली. घोडा चढवला.
टिक. टिक.
टिक. टिक.

राजमतीबाई उठल्या.
म्हणजे उठल्या नाहीत, पाठ सरळ झाली.
"हे घड्याळ," त्या म्हणाल्या.
"आम्ही पोरं माडीवर. रोज रात्री दिवा मालवला की चार टिक.
आई सांगायची, अण्णा घड्याळाला चावी द्यायलेत, झोपा.
घरात घड्याळ होतं की.
सेलवरचं."

कुणी बोललं नाही. रस्त्यावरून
जवानांची तुकडी पळत गेली, बूट एका तालात.

मुंगी चुकवून पाऊल टाकणारा माणूस,
रात्री पाणीसुद्धा न पिणारा,
अंधारात बसून घोडा चढवायचा
आणि अंगठ्यावर तोलून, सावकाश, उतरवून ठेवायचा.
झीज उतरवण्याची असणार.
चढवताना इतकं जपावं लागत नाही.

किल्लेदारांनी डोळ्यांनीच भाव विचारला.
मी पंधरा हजार कापले नाहीत.
वाढवलेही नाहीत, हेही सांगून टाकतो.
हे घ्यायचं तर माझ्या दोनातलं एक जाणार,
डीसी ऑफिसात पुन्हा अर्ज, कारणाच्या रकान्यात
शेतीचं रक्षण, स्वतःचं रक्षण, खेळ.
आजवर खेळावर खूण करत आलोय.

"निपाणीची बस पावणेचारला," बाई म्हणाल्या,
आणि पिशवी उचलून दारात थांबल्या.
"घरात पोरं आहेत?"
एक आहे, म्हटलं. मुलगी.
"मग रात्री वाजवलंत तर
काय आहे ते सांगा तिला."